पंतांची झोप

३ नोव्हेंबर

वन्सं,

नमस्कार. तुमचं खुब्याचं हाड कसं आहे? भाची फोनवर "छान आहे, छान आहे" म्हणते, पण ती लहानपणापासून सगळ्यालाच छान म्हणते. म्हणून तुम्हालाच विचारते. फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाही. पत्रात मध्येच तोडता येत नाही, एवढा एक फायदा.

कामाचं आधी सांगते. पंतांचं काही ठीक नाही. (तुम्ही त्यांना अरेतुरे करता, पण घोड्याचं नाव पंत ठेवल्यावर मला काही ते जमत नाही. शेजारीण हसते.) तुमची घोडेस्वारीची शाळा बंद होऊन ते माझ्या मागच्या शेडमध्ये आले, तेव्हा जरा हळू चालायचे एवढंच. आता सकाळी दार उघडलं तरी जागचे हलत नाहीत. पहिली पावलं अशी टाकतात की जणू पाय दुसऱ्या कुणाकडून मागून आणलेत. थोडं चालल्यावर सांधे सुटतात, पण लंगडणं राहतंच. पुढचा डावा पाय दुखत असावा, कारण तो टेकला की त्यांचं डोकं खाली जातं. मी त्याला रोज गरम पाण्याचा शेक देते आणि जाड कापडाची पट्टी बांधते. नीट मापानं शिवून बटणं लावली आहेत. पट्टी छान झाली आहे. पाय मात्र तसाच.

दुसरं म्हणजे पुढचे दोन्ही गुडघे आणि खुरांच्या वरचे सांधे समोरून सोललेत, ठेच लागून पडल्यासारखे. सुकतात न सुकतात तोच पुन्हा ओले दिसतात.

घोड्यांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "वय झालं, सांधे झिजलेत. झिजलेलं भरून येत नाही, जपता मात्र येतं." दुखण्यावर पूड दिली आहे, ती कोंड्यात कालवून देते. निघताना दारात थांबले आणि म्हणाले, "पडायला लागला असेल तर हिवाळा काढणं अवघड आहे. एवढं मोठं जनावर पडून उठलं नाही तर फार हाल होतात. मालकिणीला विचारून ठेवा." काय विचारून ठेवायचं ते मला कळलं. त्यांच्या हातात बॅग होती, मी तिच्याकडेच बघत राहिले.

यांनी तुम्हाला शब्द दिला होता, शाळा बंद झाली तर पंत आपल्याकडे. शब्द देऊन हे निघून गेले आणि घोडा तेवढा आला. कधी कधी मला रागच येतो. मग पंत शिवणाच्या खोलीच्या खिडकीत तोंड घालून माझं मशीन बघत उभे राहतात, आणि राग जातो. मला पडदे शिवता येतात हो, घोड्याचं मला काय कळतंय? लवकर लिहा.

तुमची,
भावजय


११ नोव्हेंबर

पडदेवाले,

तुझी पट्टी मी पाहिलेली नाही, पण ती चांगल्या पायाला बांधली आहेस एवढं इथे सहाव्या मजल्यावरून सांगते. अगं, डोकं खाली जातं तो पाय चांगला! दुखरा पाय टेकला की घोडा डोकं वर उचलतो, तिथे भार पडू नये म्हणून. चांगल्यावर आला की निवांत खाली सोडतो. म्हणजे दुखतोय उजवा आणि लाड चाललेत डाव्याचे. डावा खूश असेल.

आता नीट वाच. त्याला शेडमध्ये उभा ठेवू नकोस. विश्रांतीनं सांधे बरे होतात असं माणसांना वाटतं, घोड्यांना नाही. रोज चालव. ऊन चढल्यावर, मऊ मातीवर, आधी अगदी संथ आणि अंग तापल्यावर जरा बऱ्या चालीनं. वळवायचा तर मोठा वळसा घे, जागच्या जागी गरकन फिरवू नकोस. पाठीवर थंडीत काहीतरी घाल, तुला कापडाची काय वाण? नालबंदाला बोलाव. पुढचे खूर नक्की लांब वाढलेत, आणि खूर लांब झाले की ठेचा आल्याच. गुडघे त्यानंच फुटताहेत. तू त्याला कालव्याच्या दगडी काठावरून नेत असशील तर तेही बंद. आणि गाजरं कमी कर. मला माहीत आहे तू देतेस. वजन वाढलं की ते शेवटी त्या सांध्यांनाच पेलायचं असतं.

लोक उंटावरून शेळ्या हाकतात, मी लिफ्टच्या शेजारून घोडं हाकतेय. चालायचंच.

माझं म्हणशील तर मी ठणठणीत. रोज गॅलरीपर्यंत जाऊन येते. थंडी सरायच्या आत तिकडे येणार आहे, तोवर तू सांभाळ.

डॉक्टरांनी काय विचारून ठेवायला सांगितलं ते मला समजतं. त्याचं उत्तर मी देईन. माझा घोडा आहे. तू त्यात पडू नकोस.

वन्सं


२ डिसेंबर

वन्सं,

नमस्कार. तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. डाव्या पायाची पट्टी काढली, तेव्हा पंतांनी तिचं एक बटण खाल्लं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बटणाचं काही नाही, निघून जाईल. नालबंद आला, खूर बघून त्यानं कपाळावर हात मारला आणि मलाच रागावला. तुम्ही दोघं एकाच शाळेत शिकलात का? खूर आता आखूड आणि गोल झालेत. पाठीवर जुन्या मखमली पडद्याची झूल शिवली आहे, आत अस्तर घालून. झालर लावायचा मोह मी आवरला.

आम्ही रोज कालव्याच्या खालच्या मातीच्या वाटेनं जातो. धुकं असतं तेव्हा वाट दिसत नाही, पंतांचे कान दिसतात आणि मी त्यांच्यामागून जाते. आवाज फक्त पावलांचा, आणि त्यात एक पाऊल हलकं पडतं ते ऐकू येतं. हल्ली ते पूर्वीइतकं हलकं नाही. उजवा पाय आता खरंच पुष्कळ बरा आहे, सकाळचं आखडणंही लवकर सुटतं. कधी कधी चालता चालता आम्हा दोघांनाही गुंगी येते. परवा आम्ही पुलाच्या पार पुढे निघून गेलो आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही. एका बाईनं कुंपणापलीकडून विचारलं, "कुठं निघालात?" मी म्हटलं, "घरी." ती म्हणाली, "घर तर मागं राहिलं असेल."

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. गुडघ्यांच्या जखमा भरत नाहीत. मागच्या आठवड्यात पाऊस लागला म्हणून पंत बाहेर पडलेच नाहीत, आणि तरी सकाळी दोन्ही गुडघ्यांवर ताजं रक्त होतं. भिंतीशी भुसाही रक्ताळलेला. म्हणजे ठेच वाटेवर लागत नाही. ते शेडमध्ये, जागच्या जागी पडताहेत.

तुम्ही गॅलरीपर्यंत जाता हे वाचून बरं वाटलं. मला तिथून काय दिसतं ते लिहा.

तुमची,
भावजय


९ डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र मी लेकीकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग स्वतः वाचलं.

उभ्या जागी पडणारा घोडा म्हणजे पाय संपले. लंगडणं कमी झालं असं तुला दिसतंय, तुला ते दिसावंसं वाटतंय म्हणून. माझ्या शाळेत मी हे पाहिलेलं आहे. माणसं आशा धरून बसतात आणि जनावर एके दिवशी पडतं ते उठत नाही. मग दोर आणतात, फळ्या आणतात, सगळा गाव ओढायला येतो. ते पंतच्या बाबतीत होणार नाही. ज्या मुलांना जमिनीवर नीट चालायची भीती वाटायची त्यांना मी त्याच्या पाठीवर बसवलं, आणि त्यानं एकालाही पाडलं नाही. त्याला कुणी दोरानं ओढलेलं मी होऊ देणार नाही.

डॉक्टरांशी बोलले आहे. जानेवारी संपताना ते येतील. इंजेक्शन देतील, दुखत नाही. तोपर्यंत त्याला हवी तेवढी गाजरं दे.

मला यायला जमेलसं वाटत नाही. तू असशील ना तिथे?

वन्सं


१४ डिसेंबर

वन्सं,

मी असणार नाही. कारण डॉक्टर येणार नाहीत. मी त्यांना फोन करून सांगितलं की मालकिणीला अजून एक पत्र जायचं आहे. ते म्हणाले, तारीख राहू दे, पत्र जाऊ दे. भावजयीनं असं वागू नये हे मला कळतं. पण तुम्ही आता मध्येच तोडू नका, पुढचं वाचा.

काल दुपारी मी मशीनवर होते. ऊन शेडच्या फटींतून आत आलं होतं आणि पंत त्या उन्हात उभे होते. खिडकीतून सगळं दिसतं. त्यांचा खालचा ओठ लोंबला. डोळे मिटले. डोकं हळूहळू खाली यायला लागलं, खाली, आणखी खाली, नाक भुशाला टेकलं. मी पाय चालवायची थांबले. मग पुढचे दोन्ही गुडघे एकदम मुडपले, ते भस्सकन पुढे गेले, गुडघे जमिनीवर घासले, आणि दचकून, डोळे विस्फारून पुन्हा उभे राहिले. इकडे तिकडे पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना अशा चेहऱ्यानं. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

वन्सं, त्यांचे पाय संपलेले नाहीत. त्यांना झोप येतेय.

हे तुम्हाला कळलं नाही आणि मला कळलं, यात माझी हुशारी काही नाही. मी स्वतः असंच करते. हे गेल्यापासून मी पलंगावर आडवी झालेली नाही. आधी वाटलं, चार दिवसांत होईल. मग मशीनसमोरच्या खुर्चीतच डोळा लागायला लागला. मान खाली जाते, हनुवटी छातीला लागते आणि मी दचकून उठते. एकदा कपाळ मशीनच्या चाकावर आपटलं. शेजारणीला सांगितलं दार लागलं म्हणून. पलंगावर जाऊन पडलं की घर इतकं मोठं होतं, आणि सगळ्या बाजू उघड्या वाटतात. म्हणून मी जात नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला तर नाहीच सांगणार होते.

मी पंतांना इथे आल्यापासून एकदाही आडवं झालेलं पाहिलेलं नाही. मला वाटायचं घोडे उभ्यानंच झोपतात, शाळेच्या पुस्तकातही तसंच होतं. तुम्हीच सांगा. तुमच्याकडे ते आडवे व्हायचे का?

तुमची,
भावजय


२० डिसेंबर

पडदेवाले,

व्हायचा. आडवा व्हायचा. हे पत्र लेकीला न दाखवता लिहितेय, तिला माझे डोळे दिसू नयेत म्हणून.

घोडा उभ्यानं डुलकी काढतो, खरं आहे. पण गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही, आणि स्वप्न तर नाहीच नाही. सांधे दुखायला लागले की घोडा खाली बसायला घाबरतो, कारण मग उठायचं असतं. कितीतरी दिवस न झोपता काढतो आणि एकदा का झोपेनं गाठलं की उभ्या जागी कोसळतो. हे मला माहीत होतं. पंतच्या बाबतीत सुचलं नाही. तू लिहिलेल्या गुडघ्यांवरच्या रक्तानं माझी अक्कलच पळाली.

आमच्याकडे एक करडी घोडी होती, मुलं तिला मावशी म्हणायची. दुपारी शिकवणी संपली की मावशी मधोमध उभी राहायची आणि पंत तिच्या सावलीत सपाट पडायचा. घोरायचा. पाय हवेत चालायचे, कान हलायचे, कधी झोपेतच बारीक आवाजात खिंकाळायचा. मुलं कुंपणाला लटकून बघायची. एक मुलगी मला विचारायची, "आता कुठपर्यंत पोचला असेल?" मी तिला सांगायची, नदीपर्यंत. रोज नदी. मग तीच एके दिवशी म्हणाली, "आज नदी ओलांडली, बघा ना, पाय कसे उंच टाकतोय." कळपातला एक उभा असल्याशिवाय दुसरा निर्धास्त झोपत नाही, ही यांची रीत आहे. मावशी गेली, आणि त्यानंतर पंत आडवा झालेला मलाही आठवत नाही.

तेव्हा असं कर. भुसा काढ आणि जाड वाळू टाक, त्यावर गवत. भिंतीपासून लांब, मधोमध. वाळूचा एका बाजूनं उतार कर, म्हणजे उठताना त्याला चढण आयती मिळेल. गाय आधी मागचं अंग उचलते, घोडा आधी पुढचे पाय पसरतो आणि मग मागून जोर लावतो, त्या जोरासाठी पायाखाली घसरता कामा नये. दुखण्याची पूड दुपारच्या आधी देऊन चालेल का ते डॉक्टरांना विचार. आणि तू त्याच्याजवळ बस.

डॉक्टरांची तारीख मी मोडत नाही. तोपर्यंत पंत आडवा झाला आणि आपला आपण उठला, तर ती मोडली समज. नाही झाला तर मात्र मला अडवू नकोस. झोपेवाचून मरणं हे इंजेक्शनपेक्षा वाईट आहे.

आता माझं. मी गॅलरीपर्यंत जात नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंत जाते तेही लेकीच्या खांद्यावर, बाकी दिवसभर पडून. हाड केव्हाच जुळलंय. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते, तिला मी रोज काहीतरी सांगून परत पाठवते. मी पडले ना, ती स्वतःच्याच शाळेच्या अंगणात, काहीही कारण नसताना पडले. घोड्यावरून पडले असते तर सांगायला तरी बरं होतं. आता उभं राहिलं की जमीन हलते. तो आडवा होईना आणि मी उभी राहीना. भावाबहिणींत एवढं साम्य नसतं गं.

तू माझ्या धाकट्या भावाच्या पलंगावर झोपत नाहीस हे वाचून मला रात्रभर वाईट वाटलं. 

वन्सं


२९ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. तुमच्या फोनना उत्तर दिलं नाही, कारण जे सांगायचं होतं ते घडतच नव्हतं, आणि मला खोटी आशा दाखवायची नव्हती.

वाळू आणली. शेजारीणही टोपल्या घेऊन आली, उतार तिनंच केला. पंतांनी वाळू हुंगली, खुरानं उकरली, दोनदा गोल फिरले, पुढचे गुडघे वाकवले, आणि मग माझ्याकडे पाहून पुन्हा सरळ झाले. मी रोज दुपारी स्टूल घेऊन जवळ बसले. हातशिलाई तिथेच केली. सगळं होतं, वाळू होती, ऊन होतं, पूड दिलेली होती, आणि घोडं पेंड खात होतं ते नेमकं इथेच. ते काही आडवे होईनात. उलट माझीच मान खाली जायची आणि पंत मला नाकानं ढोसून उठवायचे. राखण तेच करत होते, माझी.

मग एका हॉटेलचं पांढऱ्या पडद्यांचं मोठं काम आलं. खोलीत वाळत घालायलाही जागा उरेना. मी शेडच्या आढ्याला दोऱ्या बांधून पडदे तिथे टांगले आणि इस्त्रीचं टेबलही तिकडेच नेलं. इस्त्री काही बसून होत नाही. दुपारभर मी उभी. वाफ वर जायची, पडदे हलायचे, उन्हाचे पट्टे त्यांच्यातून आरपार यायचे, आणि पंत त्या सगळ्या पांढऱ्यात एकटेच तांबडे. मला वाटलं मीच झोपेत आहे. तेवढ्यात मागे मोठ्यानं उसासा ऐकू आला. वळून बघते तर पंतांनी पुढचे गुडघे टेकले होते. मग मागचं अंग, कण्हत कण्हत. मग मान. मग सगळेच.

मला तेव्हा समजलं, वन्सं. बसलेलं माणूस ते हिशेबात धरत नाहीत. उभं कोण आहे ते बघतात.

मी हालले नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतला. पंत घोरायला लागले, तुम्ही म्हणाला होता तसेच. पुढचे पाय वाळूत चालायला लागले, आणि उजवा, दुखरा पाय डाव्याच्या बरोबरीनं पडत होता. स्वप्नात ते लंगडत नाहीत! मी रडले, हे सांगायला मला काही लाज वाटत नाही. मग जळका वास आला. इस्त्री पडद्यावरच राहिली होती. हॉटेलच्या पडद्यावर आता एक छान तपकिरी इस्त्री उमटली आहे. तो पडदा मी बदलून दिला आणि जळका ठेवून घेतला.

उठताना पहिल्यांदा फार झगडले. पुढचे पाय पसरले, जोर लावला, बसले. पुन्हा लावला, पुन्हा बसले. माझ्या मनात दोर आणि फळ्या आल्या. मी टेबलाला धरून उभी होते आणि मोठ्यानं म्हणत होते, "पंत, वन्सं काय म्हणतील?" तिसऱ्यांदा त्यांना उतार सापडला आणि ते उठले. अंग झटकलं, सगळी वाळू पांढऱ्या पडद्यांवर. ते पडदे पुन्हा धुतले.

आता रोज दुपारी झोपतात. गुडघ्यांवर केस यायला लागलेत. डॉक्टर काल ठरल्या दिवशी आले, बॅग घेऊन. पंत सपाट पडलेले बघून त्यांचा चेहरा पडला, म्हणाले, "उशीर झाला वाटतं." मी म्हटलं, "शू. स्वप्न पडतंय." ते बराच वेळ दारात उभे राहिले. मग उठलेल्या पंतांना चालवून पाहिलं, सांधे वाकवून पाहिले. म्हणाले, "लंगडा आहे आणि लंगडाच राहील, पण या वर्षी तरी मला बोलावू नका. पुढच्या हिवाळ्याचं पुढच्या हिवाळ्यात." बॅग उघडलीच नाही.

तुमची तारीख मोडली, वन्सं.

एकच आहे. दुपारभर उभं राहून माझे पाय सुजतात. पंतांना झोपायला मी लागते, हे ठीक आहे, मला ते आवडतं. त्यांना बघून मीही एकदा पलंगावर जाऊन पडले. डोळे उघडेच राहिले. उठून खुर्चीत आले. माझी राखण कोण करणार, सांगा. तुम्हाला जाब विचारत नाही, नुसतं सांगतेय. पत्रात काय, मनात येतं ते उतरतं.

तुमची,
भावजय


१६ फेब्रुवारी, दुपार

पडदेवाले,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. हात लांब केला तर तुला लागेल एवढ्या अंतरावर तू आहेस. पण बोलले तर तू उठशील, म्हणून तुझ्या कापड आखायच्या पेन्सिलनं, इस्त्रीच्या टेबलावर लिहितेय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी व्यायामवाल्या मुलीला परत पाठवलं नाही. तिला म्हटलं, फक्त माझ्या मागे उभी राहा, हात लावू नकोस. रोज तेवढंच. जमीन अजून हलते, पण मी पण हलते, मग जमतं. तुला न कळवता आले, कारण कळवलं असतं तर तू खोली रंगवून घेतली असतीस. लेकीनं गाडीतून उतरवलं तेव्हा तू दारात जी उभी राहिलीस, तुझा तो चेहरा मी विसरणार नाही. किती वाळलीस गं.

तू खुर्ची आणायला निघालीस आणि मी नको म्हटलं. पंतनं आधी माझा वॉकर वरपासून खालपर्यंत हुंगला, मग मला. मला वाटलं होतं ओळखणार नाही, किंवा ओळखून तोंड फिरवेल. त्यानं माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली, सगळ्या भारानिशी, आणि मी पडले नाही. मग वाळूत जाऊन गोल फिरला आणि आडवा झाला.

तू म्हणालीस, "वन्सं, या घड्या तेवढ्या रचून ठेवते." पडद्यांच्या ढिगापाशी गेलीस. "जरा पाठ टेकते" म्हणालीस, आणि टेकते हा शब्द पुरा व्हायच्या आत झोपलीस. इस्त्रीचं बटण मी बंद केलं. तू घोरतेस. धाकट्यानं हे मला कधी सांगितलं नव्हतं, फार सभ्य होता.

मला तो आज इथे हवा होता. तुझ्याशी फोनवर मी दोन वाक्यांत आटपायची, कारण तुझा आवाज ऐकला की तो पलीकडच्या खोलीत आहे असं वाटायचं. तुझ्याशी बोलले तर तो नाही हे मानावं लागलं असतं. आता मानलं आहे. मी परत जात नाहीये. लेकीला सांगून झालंय, ती "छान आहे" म्हणाली. पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांना बोलवायची वेळ आली तर मी त्याच्या डोक्याशी असेन, आणि तू माझ्याशेजारी. तोवर दुपार वाटून घेऊ.

लेक मघाशी दारात येऊन गेली. मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं तुम्हा दोघांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे, आणि खुर्ची आत सरकवायला लागली. मी मान हलवली. पाय थरथरताहेत, खोटं कशाला सांगू. पण तुझी बोटं झोपेत कापड धरल्यासारखी हलताहेत, त्याचे पाय चाललेत, आणि दोघांपैकी कुणीही दचकत नाही.

ऊन भिंतीवर चढायला लागलंय. तुम्ही सावकाश उठा. मी उभी आहे.

वन्सं